भावजींचा हाटडाग

बाजाराच्या दिवशी आमच्या बाळापुरात माणसं खांद्यावर उपरणं टाकून घरी येतात. आमचे धाकटे दीर गळ्यात बकऱ्याचं आतडं घालून येत.

हसू नका, त्यालाही कारण होतं. पिशवी मी देत नव्हते. माझं माहेर पुसेगावचं, सगळं घर माळकरी. सासरी वशाट, म्हणजे मटण-मांस, चालायचं, पण ते अंगणात, गोठ्याकडच्या तीन दगडांच्या चुलीवर, पुरुषांनी शिजवायचं आणि तिथंच खायचं, अशी रीत. वशाटाचं भांडंसुद्धा कडुलिंबाच्या फांदीला टांगलेलं असायचं, घरात यायचं नाही. मग आतडं माझ्या पिशवीत कसं येईल? बरं, हातात धरून आणावं, तर भावजींना लष्करातून सलाम ठोकायची खोड लागलेली. उजवा हात सलामाला मोकळा पाहिजे, डाव्या हातात कांदे-लसूण. राहिला गळा. खाकी कोट, खाली धोतर, मिशांना पीळ, गळ्यात ते ओलं आतडं, मागं गावातली सगळी कुत्री आणि वर घारी. अशी ती स्वारी वेशीतून आत यायची आणि मी दारात उभी राहून कपाळाला हात लावायची.

"भावजी, उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं तर बघा!"

"आस्ते, वयनी, आस्ते," ते दोन्ही डोळे मिटून म्हणायचे.

हे "आस्ते" माणसांसाठी नव्हतं. भावजी लढाईत खच्चरांच्या पलटणीत होते. इटली नावाचा कुठला तरी मुलूख, तिथं बर्फाचे डोंगर, आणि त्या डोंगरांवर खच्चरांच्या पाठीवर दाणागोटा न्यायचा, हे काम. खच्चर बिथरलं की त्याच्या कानाशी लागून "आस्ते, बेटा, आस्ते" म्हणायचं, हे तिथं शिकले आणि इथं येऊन सगळ्या गावाला म्हणू लागले. आमचे मालक रागावले की त्यांच्याही मानेवरून हात फिरवून म्हणायचे. सख्खा थोरला भाऊ! मालकांचा राग दुप्पट व्हायचा, पण खरं सांगते, तोंड बंद व्हायचं.

भावजींनी लग्न केलं नाही. मी तीन गावच्या मुली सांगितल्या. मुलीचं नाव काढलं की हे मला त्यांच्या खच्चराच्या गोष्टी सांगत बसायचे, किती समजूतदार होतं म्हणून. शेवटी मीच थकले.

तर ते आतडं. त्यात खिमा भरून, शिजवून, पावात घालून खायचं, असा एक पदार्थ भावजींना करायचा होता. नाव हाटडाग. लढाईत गोरे अमेरिकावाले खातात म्हणे. एकदा चावडीवर मास्तरांनी त्या नावाचा मराठीत अर्थ सांगितला, आणि पुढं कितीतरी दिवस आमच्या घरी कुणी पाणी प्यायला तयार होईना. शेजारची रखमा रोज संध्याकाळी आपलं कुत्रं मोजून घरात घ्यायची. एकच तर कुत्रं होतं तिचं! पण मोजायची.

आता तुम्ही म्हणाल, एका शिपायाला हा कसला नाद? तर नाद नव्हता तो. जबान दिली होती. कुणाला, तर याडीला.

आमच्या गावापासून कोसाभरावर माळाला बंजाऱ्यांचा तांडा आहे. भावजी लढाईवर गेले ते एकटे नाही, तांड्यातला थावरू बरोबर होता. दोघं एका वयाचे, एकत्र ढोरं राखलेले. पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घरात बैलांच्या पाठीवर माल वाहिलेला, म्हणून साहेबानं थावरूला बघताच खच्चरांच्या पलटणीत घेतलं, आणि त्याच्या मागं लागून भावजीही गेले. गेले दोघं, परत आला एक. लढाई संपल्यावर भावजी मोटारीतून उतरले, ते घरी न येता ट्रंक डोक्यावर घेऊन तसेच तांड्यावर गेले. थावरूची आई, तिला सगळा तांडा याडी, म्हणजे आई, म्हणतो, आम्हीही तेच म्हणायचो, ती झोपडीपुढं बसली होती. तिला खबर आधीच कागदानं कळलेली. ती रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "गंग्या, शेवटाला काय खाल्लं हुतं रं माझ्या लेकरानं?"

भावजी म्हणाले, "हाटडाग, याडी. दोन खाल्ले आन् तिसरा मागितला."

"ते काय असतं?"

"मी करून खाऊ घालतो तुला."

हे मला याडीनंच सांगितलं. ती दर बाजाराला सरपणाची मोळी घेऊन खाली यायची, मोळी विकून झाली की आमच्या अंगणात कडुलिंबाखाली येऊन बसायची. हातात हस्तिदंताच्या रंगाच्या बांगड्या कोपरापर्यंत, अंगावर आरशांची काचोळी, आणि तोंडात थोडे दात. ते दात ती भावजींना दाखवायची. "हे बघ गंग्या, मागच्या बाजाराला हा हुता, आता न्हाई. दात हायेत तवर दे बाबा, मग मी काय ते गिळू?"

"देतो, याडी. बराबर जमू दे."

बराबर! या एका शब्दानं आमच्या घराचं वाटोळं केलं.

पहिली गोष्ट आतडं धुण्याची. भावजी ओढ्यावर गेले ते थेट बायका धुणं धुतात त्याच्या वरच्या अंगाला बसले. ज्वारीच्या धांड्यानं आतडं उलटं करायचं, मीठ लावून चोळायचं, परत सुलटं करायचं. खालच्या बायकांनी असा काही दंगा केला की विचारू नका. माझ्या सासूबाईंच्या वर्षश्राद्धालाही गावातल्या इतक्या बायका आमच्या घरी आल्या नव्हत्या. मी सगळ्यांपुढं हात जोडले. भावजींना हात जोडून काही उपयोग नव्हता, ते परत सलाम करायचे.

मग भरणं. मांस माझ्या पाट्यावर वाटू देणार नाही म्हटलं तर यांनी गोठ्यातला खुंटा घेऊन दगडावर कुटलं. त्यात लसूण, मीठ, कोथिंबीर. मिरची नाही, आमचा काळा मसाला नाही.

"मिरचीबिगर?" याडी म्हणाली. "माझ्या थावऱ्यानं मिरचीबिगर खाल्लं?"

"गोरे लोक तिखट खात न्हाईत, याडी."

"गोरे न्हाई खात. थावऱ्या तर तांड्यातला हुता."

भावजी खाली मान घालून कुटत राहिले.

आतड्यात खिमा भरायला नळी लागते. घरात नरसाळं एकच, कंदिलात घासलेट भरायचं. ते यांनी मला न विचारता नेलं. पहिला हाटडाग निखाऱ्यावर ठेवला तेव्हा भडका उडून त्यांच्या मिशीची उजवी बाजू गेली. पुढं बरेच दिवस ते डाव्या बाजूनंच लोकांशी बोलत.

मग बिनघासलेटाचा केला आणि पाण्यात उकळला. तो फुटला. खिमा वर, आतडं खाली, मधे भावजींचं तोंड. तासभर त्या भांड्याकडं बघत बसले आणि म्हणाले, "वयनी, चूक समजली. पाणी उकळतं नसावं. नुसतं कडक असावं. आन् ते सारखं तितकंच कडक राहावं."

मी म्हटलं, बरं.

असं पाणी आमच्या घरी एकाच ठिकाणी असायचं. परसात, अंघोळीच्या हंड्यात. दुसऱ्या दिवशी पहाटे यांनी दोऱ्याला बांधून चार हाटडाग त्या हंड्यात सोडले आणि दात घासायला गेले. तेवढ्यात आमचे मालक उठले. त्यांना सकाळी डोळे उघडायच्या आधी अंघोळ करायची सवय. त्यांनी हंड्यातलं पाणी बादलीत घेतलं, अंगावर ओतलं, देवाचं नाव घेत घेत चांगली घसघसून अंघोळ केली, आणि शेतावर गेले. दुपारी गडी सांगत आला, "मालकीणबाई, मालक हिरीवर बसून राहिलेत. भवती सगळ्या शिवारातली कुत्री बसलीत. उठू देईनात."

त्या दिवशी घरात जे झालं ते मी सांगत नाही. एवढंच सांगते, की मालकांनी हातात वहाण घेतली आणि भावजी म्हणाले, "आस्ते, दादा, आस्ते. पण हाटडाग काय सुरेख शिजले! एकबी फुटला न्हाई."

आणि इतकं सगळं करून काय करायचे माहीत आहे? शिजलेला हाटडाग मोडायचे, नाकाशी धरायचे, डोळे मिटायचे, लांब श्वास घ्यायचे. मग मान हलवायचे. "बराबर न्हाई." की संपलं. गडीमाणसं बोटं चाटून खायची, मालकसुद्धा वहाण खाली ठेवून दोन खायचे. याडी हात पुढं करायची तर भावजी म्हणायचे, "तुला असला तसला न्हाई देणार, याडी. थावऱ्यानं खाल्ला तसाच देणार." ती बिचारी सरपणाची दोरी गुंडाळून तांड्याकडं निघायची. भावजी तिला वेशीपर्यंत घालवायला जायचे.

हिवाळ्यात हुरड्याचे दिवस आले. शेतात आगटी पेटली. खड्ड्यात गोवऱ्यांचा विस्तव, त्याच्या फुफाट्यात ज्वारीची कोवळी कणसं भाजायची, कडेनं रताळी आणि वांगी खुपसून ठेवायची. भावजींना वाटलं, झालं! गोऱ्यांना ठाऊक नाही, पण असा मंद विस्तव उभ्या इटलीत मिळायचा नाही. मला न सांगता त्यांनी फुफाट्यात, रताळ्यांच्या रांगेत, हाटडाग खुपसले. आणि त्याच दिवशी पुसेगावाहून माझा थोरला भाऊ हुरडा खायला आला. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, कांदा-लसूणसुद्धा न खाणारा माणूस.

हुरडा झाला, गूळ झाला, दही झालं. भाऊ म्हणाला, "जरा एखादं रताळं बघू." काडीनं फुफाटा उकरला, एक लांबट काळं काढलं, राख झटकली, फुंकर मारली. "अगं, हे फारच मऊ शिजलंय," म्हणत तोंडाकडं नेलं.

भावजी पलीकडच्या बांधावर होते. मी त्या माणसाला जन्मात धावताना पाहिलं नव्हतं. त्यांनी तिथून आरोळी ठोकली आणि जी झेप घेतली ती थेट माझ्या भावाच्या अंगावर. दोघं ज्वारीत आडवे. भावाच्या तोंडाजवळचं हिसकावून घेतलं आणि, कुठं लपवावं ते सुचेना, म्हणून कोटाच्या खिशात टाकलं. निखाऱ्यातला हाटडाग! कोटातून धूर यायला लागला तरी माणूस ताठ उभा.

"एका रताळ्यापायी?" भाऊ धुळीतून उठत म्हणाला. "पाव्हण्याच्या तोंडातला घास काढता? एका रताळ्यापायी?"

खरं सांगायची सोय नव्हती. भावजी म्हणाले, "किडकं हुतं." आणि भाऊ म्हणाला, मग खिशात काहून घातलं? आता काय बोलणार! भाऊ जो गेला तो वर्षभर आमच्याकडं आला नाही. अजूनही त्याच्याकडं गेलं की ताटात पहिलं रताळं वाढतो, आणि माझ्याकडं बघतो.

मी त्या दिवशी भावजींना ठणकावलं. "आता बास. माझं माहेर तुटायची वेळ आली. त्या म्हातारीला काय ते एकदा करून घाला आणि मोकळे व्हा."

"बराबर जमल्याबिगर कसं घालू, वयनी?"

"मग जमवा!"

हे बोलले आणि मीच फसले. कारण भावजी म्हणाले, "आत बराबर झालंय. घोडं पावापाशी अडलंय."

बाळापुरात पाव कुठला? हिंगोलीला एका मुसलमानाची भट्टी होती, तिथून मोटारीच्या ड्रायव्हरकरवी यांनी पाव मागवला. मोटार वाटेत दोनदा बसली. पाव आला तेव्हा त्यानं खुंटा ठोकता आला असता. मग भाकरीत गुंडाळून पाहिलं. ज्वारीची भाकरी ती, वळवली की तडकते. धपाट्यात गुंडाळलं तर धपाट्याचाच वास वरचढ. यांचं आपलं नाक पुढं करून, "बराबर न्हाई," चालूच. मी उंबऱ्याच्या आतून बघत होते, बघवेना. शेवटी म्हटलं, पिठाला काय पाप आहे? गव्हाची कणीक घेतली, दुधात मळली, चिमूटभर गूळ घातला, आणि हातावर लांबट थापून जाड दशम्या केल्या. तव्यावर मंद भाजल्या. मऊ, लुसलुशीत झाल्या. मधे चिरल्या की तोंड उघडून बसायच्या. अंगणात नेऊन ठेवल्या तर भावजींनी मला असा कडक सलाम ठोकला की हातातलं ताट पडता पडता राहिलं.

पुढच्या बाजाराच्या दिवसाची गोष्ट. शिमगा होऊन गेला होता, कडुलिंबाला नवी पालवी आली होती. याडी येऊन बसली होती, मालक पलीकडं बाजेवर. भावजींनी आदल्या चुकांचं सगळं शहाणपण एकत्र केलं. आतडं स्वच्छ, नरसाळं नवीन, पाणी कडक पण उकळतं नाही. आधी त्या पाण्यात शिजवले, मग काढून, कोरडे करून, वशाटाच्या तव्यावर करडईच्या तेलात गोल गोल फिरवत तांबूस केले. वर मोहरी वाटून केलेलं पिवळं. त्या मोहरीनं वाटणाऱ्याच्याच नाकाडोळ्यांतून पाणी काढलं होतं. दशमी चिरली, हाटडाग आत ठेवला. आणि अंगणात असा काही वास सुटला, मी माळकऱ्याची लेक, माझ्या तोंडानं बोलू नये, पण सुटला.

भावजींनी तो उचलला. नाकाशी नेला. डोळे मिटले. आणि मान हलवली.

"बराबर न्हाई."

माझं टाळकं सरकलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या वशाटाच्या चुलीपाशी गेले. "काहून न्हाई? काय कमी हाय त्यात? नुसतं हुंगून काय कळतं? तुमी खाऊन तरी पाह्यलं का एकदा? इतके केले, एक घास तोंडात घातलेला मी पाह्यला न्हाई तुमच्या!"

याडी म्हणाली, "व्हय गंग्या. तू पयला घास घे. थावऱ्याबरोबर घेतला हुतास तसा. मग मी खाते."

भावजी हाटडाग हातात धरून बसले. तोंडाजवळ नेला, खाली घेतला. परत नेला, परत खाली. मालक बाजेवर उठून बसले. मला वाटलं, मोहरी लागली डोळ्याला. पण तसं नव्हतं. एवढा मिशाळ गडी, आमच्या देखत रडत होता.

"याडी," ते म्हणाले, "मला चव ठाऊकच न्हाई. बराबर काय ते मी कसं सांगू? मी हाटडाग कधी खाल्लाच न्हाई."

याडी जरा पुढं सरकली.

"त्यानंबी न्हाई खाल्ला. आमी माल घ्यायला डोंगराखाली उतरलो हुतो. तिथं अमेरिकावाल्यांचा तळ. पत्र्याचं पिंप कापून त्यात विस्तव केलेला, आन् वर जाळीवर हे भाजून राहिले हुते. आमी तारेच्या कुंपणाशी उभे राहिलो, खच्चरं धरून. लई वास सुटला हुता. एका मद्राशी शिपायानं नाव सांगितलं. एका गोऱ्या पोरानं हात करून बोलावलंबी. तेवढ्यात आमचा हवालदार वराडला, चलो. थावऱ्या म्हणला, उद्या परत माल घ्यायला येऊ, तवा खाऊ. आन् वर चढताना, त्याच वाटंवर, गोळा पडला. तो पुढं हुता. मी मागं हुतो."

याडीचं तोंड पांढरं पडलं. ती हळू म्हणाली, "म्हंजी माझं लेकरू उपाशी गेलं?"

"उपाशी?" भावजींनी बाहीनं डोळे पुसले. "थावऱ्या? अगं याडी, सकाळी त्यानं आपल्या रोट्या खाल्ल्या, मग माझ्यातल्या खाल्ल्या. आन् तो डोंगर चढताना खच्चराच्या तोबऱ्यात हात घालून भिजवलेले हरभरे काढून खात चालला हुता. खच्चर सारखं वळून त्याच्याकडं पाहून राहिलं. मी म्हणलं, अरे त्याचं जेवण हाय ते, त्याला तकलीफ काहून देतो? तर म्हणतो, त्याला खाली उतरल्यावर गवत हाय, मला काय हाय? असा बोलला आन् हसला. तोंड भरलेलं हुतं त्याचं, याडी. देवाशपथ सांगतो, भरलेलं हुतं."

याडीनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, आता ही हंबरडा फोडते. आणि ती हसली! डोळ्यांतून पाणी आणि तोंडानं हसू. मांडीवर हात मारून हसली, बांगड्या खळाळल्या.

"हां! ह्यो माझा थावऱ्या! अरे, लहानपणी बैलापुढची पेंड खायचा. बैल ढुशी द्यायचा तरी सोडायचा न्हाई. तू म्हणला हुतास, दोन खाल्ले आन् तिसरा मागितला. तवाच मी म्हणलं, ह्यो कुण्या दुसऱ्याचा पोरगा असंल. थावऱ्या मागत न्हवता बाबा. थावऱ्या उचलत हुता!"

मालक हसले, मीही हसले, आणि हसता हसता मला रडू फुटलं. हे सगळं एकदमच झालं, काय करणार.

मग याडीनं विचारलं, "पर खोटं काहून बोललास, गंग्या?"

"तुला बरं वाटावं म्हणून. काय तरी चांगलंचुंगलं खाऊन गेला असं वाटावं. आन् मग..." भावजी दशमीचा तुकडा बोटांनी कुस्करत राहिले. "मग तू दर बाजाराला येऊ लागलीस. वाटंनं त्याचं बोलायचीस. गावात दुसरं कोण थावऱ्याचं नाव काढतं? मी कुणाशी बोलू? ह्यांना खच्चराच्या गोष्टी सांगतो मी, त्याच्या सांगता येत न्हाईत. मला वाटलं, हे एकदा बराबर झालं, तू खाल्लं, की तुझं काम संपलं. मग तू काहून येशील?"

सात-आठ महिने मी त्या माणसाला येडा समजत होते. घरातला माणूस, आणि मी एकदाही विचारलं नव्हतं, भावजी, तुमचा तो मैतर कसा होता? सगळं गाव त्यांना गोळे किती मोठे असतात ते विचारायचं.

याडी उठली. भावजींच्या हातातला हाटडाग काढून घेतला, त्याचा घास मोडला आणि म्हणाली, "आ कर."

"याडी..."

"आ कर म्हणते ना!"

भावजींनी तोंड उघडलं. तिनं घास भरवला. आम्ही सगळे बघत होतो, मालक तर बाजेवरून उतरून जवळ आले. भावजी चावत राहिले. बराच वेळ चावला, गिळला.

"कसं लागतं रं?" याडीनं विचारलं.

भावजी जरा विचारात पडले. मग म्हणाले, "याडी, लई खास न्हाई."

त्यावर मालक जे हसले ते खोकला लागेपर्यंत. याडीनं उरलेला हाटडाग सावकाश, सगळा खाल्ला. दशमी तिला आवडली, तसं मला सांगितलं. मोहरी तिनं पुसून टाकली. तोंड पुसून म्हणाली, "माझ्या थावऱ्याला आवडला असता. त्याला आवडत न्हाई असं काय हुतं!" मग सरपणाची दोरी खांद्यावर टाकत भावजींना म्हणाली, "पुढच्या बाजाराला येते. आता हे काय करू नकोस. तू लढाईतलं सांगितलंस, आता माझी पाळी. तो लहान हुता तवाचं मी सांगीन, तू ऐकत बस."

 भावजींनी होय म्हणून मान डोलावली.

मी आत गेले. उसळीसाठी रात्री हरभरे भिजत घातले होते. त्यातले ओंजळभर निथळून आणले आणि याडीच्या ओढणीच्या पदरात घातले. ती माझ्याकडं बघत राहिली. मग त्यातला एक दाणा तिनं आपल्या तोंडात टाकला, मूठभर भावजींच्या हातावर ठेवले, आणि दोघं खात खात तांड्याच्या वाटेला लागले.